ठसा उठेना

बैलाच्या गळ्यातला पट्टा करून घ्यावा तर घोडेगावच्या गेणूबाकडून, असं त्या काळी सगळ्या आंबेगाव तालुक्यात म्हणत. पट्टे शिवणारे पुष्कळ होते, पण कातड्यावर नक्षी उठवणारा हा एकटाच. त्याच्यापाशी लोखंडाचे तीस ठसे होते. कोयरी, आठ पाकळ्यांचं फूल, शंकरपाळं, वेलाचं पान, काठाला मारायची वेणी, असे एकेक. ओलसर कातडं दगडावर पसरायचं, ठसा उभा धरायचा आणि लाकडी मोगरीचा एकच घाव घालायचा. ठसा उचलला की खाली फूल उमटलेलं असे. निरगुडसरचे शेतकरी दोन-दोन महिने थांबत, पण पट्टा त्याच्याच हातचा नेत.

गेणूबाला मुलं दोन. थोरला कुशाबा, बापाच्या हाताखाली तयार झालेला. धाकटी भागू. तिला मंचरला दिली होती, पण प्लेगच्या साली नवरा गेला. गावाबाहेरच्या झोपडीत ती स्वतःही तापानं पडली होती. सासरचं माणूस जवळ फिरकेना. तेव्हा कुशाबा गाडी जुंपून गेला, तिला उचलून गाडीत घातली आणि घोडेगावला आणली. लोक म्हणाले, हा आता आपलंही घर बुडवतो. पण भागू वाचली. त्या दिवसापासून भाऊ म्हणजे तिला देवाच्या जागी होता.

माहेरी ती पट्ट्यांची शिवण करू लागली. तिचा टाका बारीक आणि एकसारखा. पण कातडं आणणं, कापणं, भिजवणं आणि ठोकणं ही पुरुषांची कामं. शिवायला पट्टा हातात येईतो त्याचं सगळं झालेलं असे.

माघात गेणूबानं अंथरूण धरलं. एका दुपारी काय मनात आलं कोण जाणे, पडल्या पडल्या म्हणाला, "भागे, ती कोयरी घे. मार बरं ह्या तुकड्यावर."

भागू हसली. "मी काय मारू, आबा?"

"मार म्हनतो न्हवं."

कुशाबानं स्वतःसाठी भिजवून ठेवलेला तुकडा पुढ्यात होता. भागूनं ठसा उभा धरला आणि मोगरी मारली. कोयरी उमटली, अगदी देठासकट. म्हाताऱ्यानं त्यावरून बोट फिरवलं, आणि फिरवतच राहिला.

"कुशा, बघ रं," तो म्हणाला. "पहिला घाव हाय हिचा."

कुशाबानं तुकडा हातात घेऊन पाहिला, मान हलवली आणि खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी गेणूबानं आळीतल्या दोन वडीलधाऱ्यांना, सावळेरामला आणि आणखी एका म्हाताऱ्याला, बोलावून घेतलं. म्हणाला, "ठसे दोघांचे. निम्मे भागूचे. पण ती शिकली तर. वर्साच्या आत हात बसला न्हाई, तर समदे कुशाबाचे."

"मी शिकवतो तिला, आबा," कुशाबा म्हणाला. "माझीच भन हाय. तुमी घोर करू नका."

चौथ्या दिवशी गेणूबा गेला.

दिवसकार्य आटोपलं आणि कुशाबानं शब्द पाळला. रोज दुपारी जेवणं झाली की तो भागूला दगडापाशी बसवी. तिचं कातडं तो स्वतः आणून देई. कातडं जरा मऊ होतं. भागूनं विचारलं तर म्हणाला, "शिकनाराला मऊच बरं. हाताला जड जात न्हाई."

भागूनं ठसा मारला. कोयरी उठली, पण कशी? पाण्यावर रेघ ओढावी तशी. जरा वेळानं बघावं तर तीही विरत चाललेली. तिनं पुन्हा मारला, जोरानं मारला. कडेला नुसतीच चीर पडली आणि मधली नक्षी उमटलीच नाही.

"त्या दिवशी कशी आली रं, दादा?"

"पहिला ठसा समद्यांचाच बरा येतो," कुशाबा म्हणाला. "खरं शिकनं दुसऱ्यापासनं."

भागूला ते पटलं.

मग ती त्या ठशाच्या मागेच लागली. ठसा तिरका पडत असेल, म्हणून त्याची सावली बघून सरळ धरायला शिकली. मोगरी हलकी असेल, म्हणून बाभळीची जड मोगरी घेतली. खालचा दगड हलतो आणि घाव खातो असं वाटलं, म्हणून जमीन उकरून दगड बसवला आणि भोवती माती ठोकली. ठशांच्या खाचांत मळ बसला असेल, म्हणून तीसही ठसे चिंच आणि राख लावून लख्ख घासले. एकाच जागी दोनदा मारलं की नक्षी दुहेरी उमटते हे तिला उमगलं, तेव्हा एकाच घावात काम करायची सवय लावली. तिचा हात दिवसेंदिवस सुधारत होता. नक्षी मात्र उठत नव्हती.

कुशाबा जवळ बसून बघे. कधी तिचं मनगट धरून म्हणे, "असं न्हवं, असं. खांद्यातनं आन जोर." पुढच्या आठवड्यात म्हणे, "खांदा लई हलतो तुझा. मनगटातनंच मार." भागू दोन्ही करी.

एकदा तिनं पाहिलं, कातड्यावर शिंपडलेलं पाणी अळवाच्या पानावर राहावं तसं थेंबाथेंबानं राहिलंय.

"दादा, ह्यात पानी मुरंना."

"मुरू द्यायचंच नसतं," कुशाबा लगेच म्हणाला. "जास्ती भिजलं की फुगतं, मग ठसा बसंल कसा? वरनं नुसता हात फिरव ओला."

"पन तू तर सकाळधरनं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतोस तुझं."

"माझं पट्ट्याचं जाड कातडं. त्याची गोष्ट येगळी."

कुशाबाची बायको धोंडाबाई तेव्हा दाराशी तांदूळ निवडत होती. तिनं सूप उचललं आणि ती आत निघून गेली. भागूला त्यात काही वावगं दिसलं नाही. ज्यानं आपल्याला मरणाच्या तोंडातून ओढून आणलं, त्याच्या बोलण्यात खोट शोधायची असते, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

ज्येष्ठ लागला आणि निरगुडसरहून धर्माजी आला. मोठा शेतकरी, जुनं गिऱ्हाईक. नव्या खोंडांच्या जोडीला दोन पट्टे हवे होते. ओट्यापासून चार हात लांब उभा राहून म्हणाला, "गेणूबाची लेक शिकतीया म्हनं ठसे. एक पट्टा तिच्या हातचा होऊ द्या. गेणूबाची याद राहील."

भागूनं हातातली शिवण बाजूला ठेवली. कुशाबा म्हणाला, "अजून हात बसायचाय तिचा. पन बघा की, तुमच्याम्होरंच मारती." आणि आतून एक पट्टी आणून तिच्यापुढे टाकली.

भागूनं आठ पाकळ्यांचं फूल घेतलं. ठसा सरळ, दगड घट्ट, घाव एक. चार महिन्यांत शिकली ते सगळं तिनं त्या घावात घातलं. ठसा उचलला. कातड्यावर एक फिकट वाटोळा डाग होता.

आळीतली पाचसहा माणसं जमली होती. कुणीतरी खाकरलं. धर्माजी अवघडून गेला. "असू दे, असू दे," तो म्हणाला. "कुशाबा, दोन्ही तूच कर बाबा."

त्या दिवशी भागू जेवली नाही. वर्ष पुरं व्हायला अजून बराच अवकाश होता, पण तिच्यात बळच उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनंच सावळेरामला आणि त्या दुसऱ्या म्हाताऱ्याला बोलावलं. ठशांची पिशवी कुशाबापुढे ठेवली आणि म्हणाली, "आबाला वाटलं तसं न्हाई झालं. माझ्या हाताला हे येत न्हाई. समदे दादाचे."

कुशाबा रडला. पागोटं डोळ्यांना लावून हुंदके देऊन रडला. भागूला वाटलं, आपल्यासाठीच रडतोय. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "उगी रं दादा. तू काय कमी केलंस माझ्यासाठी?"

पुढच्या आठवड्यात कुशाबाच्या पायात काटा मोडून पाय सुजला. कातडं तर हवं होतं. भागू म्हणाली, मी आणते. कुशाबा नको नको म्हणत होता, पण धर्माजीचे पट्टे अडले होते, आणि भागू निघालीसुद्धा.

शिनोली घोडेगावपासून दीड कोसावर. तिथं घोडनदीच्या काठाला सयाजी कातडी कमावी. म्हातारा, एका डोळ्यानं अधू. घाटघरकडून आलेला हिरडा आणि बाभळीची साल कुटून हौदात घाली आणि त्यात कातडी महिना-महिना मुरत ठेवी. गेणूबा आयुष्यभर त्याच्याकडूनच माल घेई.

"गेणूबाची भागू न्हवं का तू?" सयाजी म्हणाला. "ये पोरी. पट्ट्याचं कातडं काढूनच ठेवलंय." त्यानं एक गुंडाळी पुढे केली. "आता एवढंच. तेलाचं बंद करा म्हनून कुशाबाचा निरोप आला गेल्या आठवड्यात."

"तेलाचं कसलं?"

"ते न्हाई का, म्हैन्याला कातड्याचं एक पान. शिमग्यापासनं नेत व्हता. तेल पाजलेलं."

"विहिरीच्या मोटेचं?"

"मी पन तेच म्हनलं. मोटेला पाजतो तसं थबथबीत पाजू का? तर न्हाई म्हनला. बेतानं पाज, उन्हात जिरव, आनि वरनं चिंचेच्या पान्यानं पूस. हाताला तेल लागाय नगं आनि वास यायला नगं." सयाजी हसला. "चाळीस वर्सं झाली ह्या हौदांवर, असलं कातडं कुनी मागितलं न्हवतं. काय करत व्हता गं त्याचं?"

भागू उभी होती ती हळूच खाली बसली.

"सयाजीबाबा," तिनं विचारलं, "तसल्या कातड्यावर ठसा उठंल का?"

"खुळी का काय तू? तेलानं भरलेलं कातडं पानी कुठनं पिनार? आनि पानी प्यालं न्हाई तर ठसा धरंल कसा? त्यावर घन मारलास तरी उठायचा न्हाई."

नदीचं पाणी वाहत होतं. पलीकडे कुणीतरी म्हशी धुत होतं. भागू उठली. मग म्हणाली, "बिनतेलाचा एक तुकडा द्या. आनि तुमचा खुनेचा ठसा."

सयाजी आपल्या मालाच्या कोपऱ्यावर चंद्रकोरीची खूण मारी, तो ठसा त्यानं दिला. एव्हाना त्यालाही काहीतरी उमगलं असावं. तो मुकाट्यानं बाजूला झाला.

भागूनं तुकडा नदीत बुडवला. कातड्यातून बारीक बुडबुडे आले आणि ते गटागटा पाणी प्यालं. चार महिन्यांत तिनं हे एकदाही पाहिलं नव्हतं. तिनं तो ओल्या फडक्यात गुंडाळला आणि सावलीत बसून राहिली. बऱ्याच वेळानं उघडला. काळपट ओल वरून सरत आली होती, मूळचा बदामी रंग परतत होता, पण गालाला लावला तर तुकडा अजून गार लागत होता. कुणी सांगितलं नव्हतं, पण हीच वेळ असं तिच्या हाताला वाटलं. काठाच्या एका सपाट दगडावर तुकडा ठेवून तिनं सयाजीच्या मोगरीचा एकच घाव घातला.

चंद्रकोर उठली. नुसती उठली नाही, ठशाच्या लोखंडावर कानशीचे जे बारीक ओरखडे होते, तेही त्या कोरीत दिसत होते.

सयाजी वाकून बघत म्हणाला, "हात तर बापाचा हाय."

भागूला त्याचा आनंद झाला नाही. गेल्या चार महिन्यांतली एकेक दुपार तिच्यापुढे येत होती. मनगट धरणारा कुशाबा. खांद्यातनं मार म्हणणारा कुशाबा, मनगटातनं मार म्हणणारा कुशाबा. धर्माजीपुढे आतून पट्टी आणून टाकणारा. आणि ते रडणं! त्याच्या पाठीवरून आपण हात फिरवला होता. त्या हाताची तिला शिसारी आली. तिनं तो वाळूनं घासून धुतला.

घरी आली तेव्हा उन्हं कलली होती. कुशाबा सुजलेला पाय पसरून ओट्यावर बसला होता. भागूनं गुंडाळी ठेवली आणि तिच्यावर तो चंद्रकोरीचा तुकडा ठेवला.

"ह्यो मी मारलाय. बिनतेलाच्या कातड्यावर."

कुशाबानं तुकड्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडावरचा रंगच उतरला. त्यानं नाकारलं मात्र नाही, इतकंच त्याच्या बाजूनं सांगता येईल.

"का रं दादा?"

कुशाबा खाली बघूनच बोलला. "त्या दिवशी आबानं तुझ्या कोयरीवर बोट फिरवलं. मी इतकी वर्सं ठसे मारतोय. मोगरीच्या दांड्यानं मार खाऊन शिकलो. एकदा तरी माझ्या कामावर असं बोट फिरवलं त्यानं? तू एक घाव मारलास, आनि निम्मे ठसे तुझे?"

"मग तवाच न्हाई म्हनायचं. मी मागितले व्हते का?"

"मरत्या बापाला न्हाई कसं म्हनू?"

"आनि मला फसवाय बरं जमलं." भागूचा आवाज चढला नाही. "चार म्हैने माझा हात धरून बसलास. मी माझ्याच हाताला शिव्या देत व्हते, दादा. मोडका हाय म्हनत व्हते. तू ऐकत व्हतास."

धोंडाबाई दाराआड उभी होती. भागूनं तिच्याकडे पाहिलं. "वैनी, तुमाला ठावं व्हतं?"

धोंडाबाईनं पदर तोंडाला लावला. "मी काय करू, वन्सं? घरात बोलायची चोरी मला."

दुसऱ्या दिवशी भागूनं म्हाताऱ्यांना पुन्हा बोलावलं. जुनी तेलकट पट्टी आणि नवा तुकडा दोन्ही पुढे ठेवले आणि घडलं ते सांगितलं. सावळेरामनं दोन्ही हातात घेऊन पाहिलं, वास घेतला. त्याला कळलं, ते त्याच्या तोंडावर दिसलं. पण तो म्हणाला, "बाई, ठसे तूच आपल्या हातानं दिलेस. आमच्याम्होरं दिलेस. आता घरातली गोष्ट घरात मिटवा. आळीची शोभा कशाला?"

भागूनं भावाकडे पाहिलं. त्यानं एक शब्द बोलायचा होता. तो पायाच्या सुजेवरून हात फिरवत बसला. त्याच्या लबाडीपेक्षा ते गप्प बसणं तिला जास्त लागलं.

त्याच दुपारी तिनं आपली कातडं टोचायची आरी, दोऱ्याची गुंडाळी आणि दोन लुगडी घेतली आणि शिनोलीची वाट धरली. सयाजीच्या म्हातारीनं, बयाबाईनं, हौदांशेजारची खोपटी तिला झाडून दिली. ठसे नव्हते. मग तिनं गाडीच्या चाकाचे मोडके खिळे गोळा केले, लोहाराकडून तोंडं सपाट करून घेतली आणि स्वतः कानशीनं घासत बसली. पहिला ठसा महिनाभरानं झाला, हिरड्याच्या फळाचा. मग मोहाचं फूल, मग पाण्याची लाट. गेणूबाच्या तिसांतला एकही तिनं केला नाही. येत्या-जात्या वाटेवरचे गाडीवान थांबून तिचे पट्टे बघू लागले, आणि दोन वर्षांत धर्माजीचीही गाडी शिनोलीला येऊन उभी राहिली. "चूक माझी झाली," तो म्हणाला. भागू म्हणाली, "तुमची न्हाई," आणि मापाची दोरी घेतली.

तिसऱ्या वर्षी सुगीनंतर कुशाबा आला. केस पिकले होते. त्यानं पिशवीतून पंधरा ठसे काढून तिच्यापुढे ओळीनं मांडले. कोयरी त्यात होती.

"तुझे हायत," तो म्हणाला.

भागूनं काम थांबवलं नाही. "माझं माझ्याजवळ हाय आता."

"राग गेला न्हाई व्हय अजून?"

"राग कवाच गेला." तिनं मोगरी खाली ठेवली. "तू मला वाचवलंस, ते बी मी इसरले न्हाई. पन दादा, आज तू मला प्यायला पानी दिलंस तरी मी आधी वास घेईन. त्याला मी काय करू?"

कुशाबानं ठसे पुन्हा पिशवीत भरले. बयाबाईनं भाकरी वाढली, ती त्यानं खाल्ली. भागू त्याला घोडेगावच्या रस्त्यापर्यंत पोचवायला गेली. वाटेत दोघं पिकापाण्याचं बोलली, धोंडाबाईच्या गुडघेदुखीचं बोलली. रस्ता आला तसा तो पुढे निघाला, आणि भागू हौदांकडे परतली. कातडं भिजत घातलेलं होतं. फार वेळ ठेवून चालणार नव्हतं.